प्रतीक निवडताना: कोल्हापूरच्या डोंगरातला वाघ

आवडते राष्ट्रीय प्रतीक कोणते, हा प्रश्न मराठी शाळांत पिढ्यानपिढ्या विचारला जातो आणि उत्तरे बहुधा ठरलेली असतात. मोर देखणा म्हणून, कमळ चिखलात उगवूनही निर्मळ म्हणून, वाघ शूर म्हणून, तिरंगा त्याच्या रंगांच्या अर्थासाठी. निबंध तपासून होतो, वही मिटते आणि प्रश्नही मिटतो. खरे तर पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एखादे प्रतीक आपले म्हटल्यावर आपल्या अंगावर कोणती जबाबदारी येते? राष्ट्रीय प्रतीकांवरच्या लेखांची ही प्रस्तावना त्याच प्रश्नाच्या मागे जाणार आहे, आणि त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याचा आधार घेणार आहे. कारण देशाचे एक जिवंत प्रतीक या जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरांत आजही पाय रोवायला जागा शोधते आहे.

प्रतीके कुणीतरी, कधीतरी, विचार करून निवडलेली असतात, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. राष्ट्रगीताचा निर्णय २४ जानेवारी १९५० चा, तर सारनाथच्या अशोकस्तंभावरचे सिंहशीर्ष राजमुद्रा झाले ते दोनच दिवसांनी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी. त्याखालचे ‘सत्यमेव जयते’ हे वचन मुंडकोपनिषदातले. शक कालगणनेवर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका १९५७ साली आली, मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला, गंगेतला डॉल्फिन २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर आणि हत्ती २०१० मध्ये राष्ट्रीय वारसा प्राणी. म्हणजे ही यादी साठ-पासष्ट वर्षे भरत आली आहे. तिच्यात भर पडते, बदलही होतो. संविधान सभेत कोल्हापूरचे रत्नाप्पा कुंभार होते आणि संविधानाच्या मूळ प्रतीवर त्यांची सही आहे, ही गोष्ट या जिल्ह्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवी.

निवडीने काय फरक पडतो, हे मोराच्या गोष्टीत स्पष्ट दिसते. राष्ट्रीय पक्षी ठरवताना माळढोकाचे नावही पुढे होते आणि थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली त्याच्या बाजूने होते. त्यांचे म्हणणे दूरदृष्टीचे होते. मोर साऱ्या देशाला माहीत आहे, लोक त्याला देवाचे वाहन मानतात, त्याला आधार आहेच. माळढोकाला मात्र कुणी वाली नाही. निवड मोराची झाली. आज मोर गावोगावच्या शिवारांत नाचतो आणि माळढोक नामशेष होण्याच्या काठावर उभा आहे. कोल्हापूरहून फार लांब नसलेल्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले, पण तिथल्या गवताळ माळावर आता हा पक्षी दिसणे नशिबाची गोष्ट झाली आहे. राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला असता तर तो वाचलाच असता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण ज्या माळरानाला सरकारदरबारी पडीक जमीन म्हटले गेले, नांगर, कालवे आणि वसाहती यांच्या हवाली केले गेले, त्याच्याकडे देशाने निदान एकदा वळून पाहिले असते.

वाघाची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. १९७२ पर्यंत भारताचा राष्ट्रीय प्राणी सिंह होता. अशोकाच्या स्तंभावर तो होता, देवीच्या पायाशी तो होता. कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीमागेही सिंहच उभा आहे. पण सिंह उरला होता एकट्या गीरमध्ये, तर वाघ हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंत, सुंदरबनापासून सह्याद्रीपर्यंत पसरलेला होता आणि वेगाने संपत चालला होता. १९७२ च्या गणनेत देशभरात सुमारे १८०० वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, वाघाला राष्ट्रीय प्राण्याचा मान मिळाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्राचे मेळघाट होते. संकटात सापडलेल्या प्राण्याला मान द्यायचा आणि त्या मानाबरोबर कायदा, पैसा, माणसे आणि जमीनही द्यायची, असा हा निर्णय होता. राष्ट्रीय प्रतीकांच्या साऱ्या इतिहासात इतका कृतीशी बांधलेला निर्णय दुसरा सापडणे कठीण. २०२२ च्या अंदाजानुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ आहेत आणि महाराष्ट्रात ४४४.

आता कोल्हापूरकडे वळू.

प्रतीकांच्या बाबतीत हे शहर कधीच उदासीन राहिलेले नाही. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या चौकात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा संगमरवरी पुतळा उभा होता. १९४२ च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोन स्त्रियांनी तो विद्रूप केला. पुढच्या वर्षी तरुण क्रांतिकारकांनी हातोड्यांनी तो फोडला. १९४५ साली त्याच चौथऱ्यावर कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला आणि त्यामागे भालजी पेंढारकरांची धडपड होती. चौकात कोण उभे राहणार, हे ठरवण्यासाठी या गावातल्या माणसांनी तुरुंग पत्करला. आज पोलीस उद्यानात ३०३ फूट उंचीच्या स्तंभावर तिरंगा उभारलेला आहे. १ मे २०१७ रोजी, महाराष्ट्र दिनी, तो पहिल्यांदा फडकला. तो पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलांना त्या चौथऱ्याचीही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. प्रतीक स्वीकारणे ही किंमत मोजायची बाब आहे, हे तिथे आपोआप कळते.

अशा या गावाच्या पश्चिमेला, शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत, सह्याद्रीची दाट झाडी आहे. एकेकाळी ती संस्थानची शिकारभूमी होती. कोल्हापूरच्या राजघराण्याला शिकारीची मोठी हौस. पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरवण्याचा खेळ इथे इतका रुजला होता की भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले जात. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शिकारीतले वाघ, बिबटे, गवे पेंढा भरून ठेवलेले आहेत. आजच्या नजरेने त्या काळाला दूषणे देणे सोपे आहे, पण या इतिहासाची दुसरी बाजूही खरी आहे. शिकारीसाठी का होईना, दाजीपूरचे जंगल राखले गेले म्हणून ते उरले. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले, तिथल्या वस्तीला आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी म्हटले, आणि त्या जलाशयाभोवतीचे रान तुटण्यापासून बचावले. १९५८ साली दाजीपूर हे गव्यांसाठीचे अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य आकाराला आले. आज त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारशात घेतली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार स्थळांत कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीचाही समावेश झाला.

चित्ता मात्र गेला. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणावे लागले. एक प्राणी परत आणायला किती यातायात पडते, हे सारा देश तिथे पाहतो आहे. सह्याद्रीत वाघाच्या बाबतीत तीच वेळ जवळजवळ येऊन ठेपली होती.

५ जानेवारी २०१० रोजी कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत त्याचा विस्तार आहे, गाभा आणि परिघ धरून सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. कागदावर सगळे होते. वाघ मात्र क्वचितच होता. पायाचे ठसे आणि विष्ठा मिळत, पण छायाचित्र मिळायला मे २०१८ उजाडले. तेव्हा चांदोलीतल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात एक पट्टेरी वाघ टिपला गेला. मग पुन्हा मोठा खंड पडला आणि डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीनेच पुन्हा वाघाचे छायाचित्र दिले. दोन चित्रांमधली ही साडेपाच वर्षे सह्याद्रीची खरी अवस्था सांगतात.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. इथे येणारे वाघ दक्षिणेकडून येतात. कर्नाटकातल्या दांडेलीजवळचे काली व्याघ्र राखीव क्षेत्र, बेळगावचे भीमगड, गोव्याचे म्हादई, सिंधुदुर्गातले तिलारी, मग चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, विशाळगड आणि शेवटी चांदोली, अशी ही डोंगरवाट आहे. वयात आलेला नर आपले राज्य शोधत ती चालून येतो. मादी सहसा इतकी लांब जात नाही; आईच्या क्षेत्राला लागूनच ती आपले घर करते. म्हणून सह्याद्रीत पाहुणा नर येतो, काही काळ फिरतो, जोडीदारीण मिळत नाही आणि निघून जातो. शिवाय सदाहरित रानात चितळ-सांबरांची संख्या मुळात कमी असते. ती वाढावी म्हणून सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरहून चितळे इकडे आणून सोडण्यात आली. ज्या सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या टेकड्या वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी हयात खर्ची घालून हिरव्या केल्या, तिथली हरणे आज सह्याद्रीतल्या वाघाच्या कामी येत आहेत. एका माणसाच्या ध्यासाचे फळ दुसऱ्या डोंगराला मिळावे, याहून चांगले काय! नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीणही चांदोलीत आणण्यात आली. विदर्भात वाघांना जागा अपुरी पडते आहे आणि सह्याद्रीत जागेला वाघ नाही, हा विषम हिशेब जुळवण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र वाघीण आणता येते, वाट आणता येत नाही. वाट असावीच लागते.

ती वाट कोल्हापूर जिल्ह्यातून जाते, आणि म्हणूनच या प्रस्तावनेचा सारा भर इथे आहे. चांदोली आणि राधानगरी ही दोन रक्षित जंगले, पण त्यांच्या मधला आणि त्यांच्या दक्षिणेचा मुलूख गावांचा, शेतांचा, मालकी रानांचा, घाटरस्त्यांचा आणि बॉक्साइटच्या पठारांचा आहे. तिथले एकेक खिंडार वाघाला दोन तुकड्यांत अडकवते. हे ओळखून राज्य सरकारने अलीकडच्या वर्षांत विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे केली. कोल्हापूरच्या पश्चिमेचा नकाशा काढला तर ही नावे एखाद्या तुटलेल्या माळेचे मणी पुन्हा ओवावेत तशी चांदोलीपासून तिलारीपर्यंत ओळीने येतात. मोठ्या अभयारण्यांच्या तुलनेत या निर्णयाची चर्चा फारच थोडी झाली. ती व्हायला हवी होती, कारण राष्ट्रीय प्राण्यासाठी या जिल्ह्याने गेल्या काही दशकांत दिलेला हा सर्वात मोलाचा शब्द आहे. तो पाळला जातो की नाही, हे वणव्यांवरून, नव्या रस्त्यांवरून आणि खाणींच्या परवान्यांवरून दर वर्षी तपासावे लागेल.

या शब्दाची किंमत कोण मोजतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांत डोंगरमाथ्यावर गवळी-धनगरांचे वाडे आहेत. म्हशी आणि गुरे हेच त्यांचे भांडवल. बिबट्याने एखादे वासरू उचलले तर पंचनामा, कागदपत्रे आणि भरपाईची वाट पाहणे त्यांच्या वाट्याला येते. शेजारच्या शिवारात गवे उतरले की उभे पीक एका रात्रीत जाते. चांदोलीच्या जंगलातून उठवलेल्या गावांनी तर आपली घरे, देवळे आणि शेते मागे ठेवली आणि पुनर्वसनाच्या जमिनींसाठी त्यांना अनेक वर्षे आंदोलने करावी लागली. वाघाच्या नावाने देश अभिमान बाळगतो तेव्हा त्या अभिमानाचा खर्च डोंगरातल्या मूठभर कुटुंबांच्या नावावर टाकला जाता कामा नये.

तो तसा टाकला की काय होते, याचा दाखला याच डोंगरवाटेवर आहे. जानेवारी २०२० मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मारले गेले. वाघाने गुरे मारल्यानंतरचा तो प्रकार होता. ते बछडे वाढले असते तर त्यातला एखादा नर चालत चालत चंदगडच्या, राधानगरीच्या रानात आलाही असता. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. पण न्यायालयाचा आदेश जनावर गमावलेल्या माणसाच्या दारात वेळेवर पैसे पोचवत नाही. ते काम तालुक्याच्या कचेरीतून, वनरक्षकाच्या हातून आणि शेजाऱ्यांच्या साथीने व्हावे लागते. वाघाच्या रक्षणातला हा सर्वात साधा आणि सर्वात दुर्लक्षित भाग आहे.

डोंगरात पूर्वी वाघाशेजारी राहण्याची एक समजूत होती. सह्याद्रीत आणि कोकणात वाघोबाची, वाघजाईची ठाणी आहेत. पन्हाळा तालुक्यात वाघवे आहे, भुदरगडमध्ये वाघापूर आहे. रानात राहणाऱ्या माणसाने वाघाला देव मानले ते त्याच्या भीतीतून, आणि त्याच्याशी जमवून घेण्याच्या गरजेतूनही. ती समजूत जशीच्या तशी परत येणार नाही, यावीच असेही नाही. मात्र कुठल्याही सरकारी फलकाच्या आधी या डोंगरांनी वाघाला आपले प्रतीक मानले होते, ही नोंद या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने घेतली पाहिजे.

शहरातला वाचक विचारील, इतक्या लांबच्या रानाशी आपला काय संबंध? संबंध रोजच्या पाण्याचा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या पश्चिमेच्या डोंगरउतारांवरून येतात, आणि गुप्त मानलेल्या सरस्वतीसह त्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला होते. वारणा चांदोलीतून उतरते, दूधगंगा राधानगरीच्या रानालगत काळम्मावाडीला अडवली आहे. त्या काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हा शहराने आनंद साजरा केला. ज्या उसाच्या गोडव्यावर हा जिल्हा उभा आहे, त्यालाही पाणी याच नद्यांचे. उताराची झाडी पाणी धरून ठेवते आणि मातीही. ती गेली की पावसाचा लोंढा गाळासह थेट खाली येतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या गावांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुराची कारणे अनेक आहेत, नदीपात्रातली बांधकामे आणि भरावही त्यात आहेत, पण माथ्यावरच्या जंगलाला वगळून पुराचा विचार करता येत नाही.

वाघ टिकायचा तर सांबर, गवे, रानडुकरे लागतात. ती टिकायची तर कुरणे, पाणवठे आणि सलग झाडी लागते. आणि झाडी राहिली की नद्या राहतात. या एका प्राण्याला जपायचे म्हटले की बाकी सगळे जपावेच लागते. वाघाची निवड शौर्यासाठी करणारे निबंध पुष्कळ झाले. या कारणासाठी त्याची निवड करणारे निबंध आता लिहिले जायला हवेत.

याचा अर्थ सगळ्यांनी वाघच निवडावा असा नाही. राधानगरीच्या उंच झाडांवर घरटी करणारा शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, आणि त्याच्यावर मनापासून लिहिणाऱ्याला आधी ती उंच, एकमेकांत गुंतलेली झाडे वाचवावी लागतील. उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी डवरणारे ताम्हण राज्यफूल आहे. ब्लू मॉर्मन हे फुलपाखरू २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झाले. असे मानचिन्ह देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तिरंगा निवडणाऱ्याने त्याच्या खादीचा, नांदेडला आणि हुबळीला ध्वज बनवणाऱ्या हातांचा शोध घ्यावा. राजमुद्रा निवडणाऱ्याने त्या खालच्या वचनाला आपण रोजच्या व्यवहारात किती जागतो, हे तपासावे. प्रत्येक प्रतीकाचे असे एक मागणे असते.

तेव्हा पुढचे लेख वाचताना वाचकांनी प्रत्येक प्रतीकापुढे एक गोष्ट लिहून काढावी, ते आपल्या तालुक्याकडून काय मागते. शिक्षकांनी मुलांकडून निबंध घेताना ‘आवडते’ या शब्दाबरोबर ‘त्यासाठी मी काय करीन’ हा परिच्छेदही मागावा. आणि कोल्हापूरच्या वाचकांना एक विशेष विनंती. एकदा तरी दाजीपूरला जा, राधानगरीच्या जलाशयाच्या वरचे रान वनविभागाच्या नियमांत राहून पाहा, वाटेतल्या धनगरवाड्यावर थांबून तिथल्या माणसांशी बोला. जनावराची भरपाई मिळाली का, हे त्यांना विचारा, आणि मिळाली नसेल तर त्यांच्याबरोबर अर्ज घेऊन वनविभागाच्या कार्यालयात जा.